ब्लू रिज पार्कवे बाइकवरून: अख्खे ४६९ मैल, की थोडे पण निवांत?

वाटसरू_रॅली (धागा):
मंडळी, आमच्यात या राइडवरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतो. आम्ही तिघं मित्र आणि एकाची बायको, तीन बाइका. ऑक्टोबरच्या मध्याला पानं रंगलेली असताना ब्लू रिज पार्कवे, म्हणजे अमेरिकेतला डोंगरमाथ्यावरून जाणारा ४६९ मैलांचा रस्ता, करायचा आहे. गुरुवारी ऑफिस आटोपून व्हर्जिनियात वेन्सबरोला मुक्काम. शुक्रवारी उजाडताच रॉकफिश गॅपच्या शून्याच्या माइलपोस्टपासून (मैलाच्या दगडापासून) सुरुवात, रात्री गॅलॅक्स, म्हणजे साधारण २१५ मैल. शनिवारी उरलेले २५४ मैल करून नॉर्थ कॅरोलायनात चेरोकी. रविवारी हायवेनं घरी.

माझं म्हणणं, करायचा तर अख्खा. बाकीचे म्हणतात, ॲशव्हिलच्या आसपासचा दीडशे मैलांचा तुकडा करू आणि निवांत फिरू. मला तुकडा ही कल्पनाच खटकते. रायगडाला निघायचं आणि पाचाडहून परत फिरायचं, तसं वाटतं. तुमचं मत सांगा.

धुक्यातला:
माझं मत तुमच्या मित्रांच्या बाजूनं. शनिवारचं गणित मांडून बघा. पार्कवेची वेगमर्यादा ताशी ४५ मैल, काही ठिकाणी ३५. वळणं आणि पुढे रेंगाळणारी एखादी आरव्ही (राहायची सोय असलेली मोठी गाडी) धरली की हातात ३०-३२ ची सरासरी पडते. २५४ मैलांना आठ तास नुसते सीटवर. त्या दिवसांत उजेड अकरा-सव्वाअकरा तासांचा. पार्कवेवर एकही पेट्रोलपंप नाही, दरवेळी गावात उतरायचं आणि परत वर यायचं. जेवायचं कधी? डोंगर बघायचा कधी?

मी हे केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास क्रॅगी गार्डन्सजवळ, माइलपोस्ट ३६४ ला, ढगात शिरलो. हेल्मेटच्या काचेवर बाहेरून थेंब, आतून वाफ, त्यात माझा चष्मा. काच वर केली की चष्म्यावर पाणी, खाली केली की सगळं पांढरं. रस्त्याची पिवळी रेघ चाकापुढे वीसेक फुटांपर्यंत दिसायची, पुढे काहीच नाही. त्यातच बोगदा आला. आत दिवे नाहीत, वरून पाणी ठिबकतंय. वीस मैलांवर ॲशव्हिल होतं, तिथे थांबायला हवं होतं. थांबलो नाही, कारण चेरोकीतल्या खोलीचे पैसे भरलेले होते. पुढचे ऐंशी-नव्वद मैल अंधारात हरणांची धास्ती घेत काढले. त्या पट्ट्यात काय होतं ते मी आजतागायत पाहिलेलं नाही.

अखंड:
धुक्यातला, तुमचा अनुभव खरा आहे, पण त्यातून निघतं ते इतकंच की दोन दिवस कमी पडतात. अख्खा करू नये, हे त्यातून निघत नाही.

हा रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला बांधलेलाच नाही. १९३५ मध्ये मंदीच्या काळात काम सुरू झालं आणि शेवटचा तुकडा १९८७ मध्ये जोडला गेला. बावन्न वर्षं! तो शेवटचा तुकडा म्हणजे ग्रँडफादर माउंटनला वळसा घालणारा लिन कोव्ह व्हायाडक्ट, खांबांवरचा लांब पूल. डोंगर फोडायचा नाही म्हणून १५३ खंड कारखान्यात ओतून एकेक करून जोडत नेले. इतक्या चिकाटीनं सलग केलेला रस्ता आपण दीडशे मैलांत बघितला म्हणायचं?

आणि सलग चालवल्याशिवाय डोंगर चढलेला कळत नाही. जेम्स नदीवर, ६३ व्या मैलाला, तुम्ही ६४९ फुटांवर असता. रिचलंड बाल्समला, ४३१ व्या मैलाला, ६,०५३ फुटांवर. मेब्री मिल या जुन्या पाणचक्कीच्या बाजूला लाकडी कुंपणं, गवताची रानं, गाई. तिथून दोन दिवसांनी तुम्ही काळपट हिरव्या फरच्या झाडांत असता, आणि जॅकेटखाली स्वेटर चढलेला असतो. सिग्नल नाही, ट्रक नाही, जाहिरातीचा एक फलक नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हात-पाय आपोआप वळणं घ्यायला लागतात. ती लय तुकड्यात येत नाही.

मागची_सीट:
सगळे माइलपोस्ट मोजताय, पण मागे बसणाऱ्या वहिनींना कोणी विचारलं का?

मी यांच्या मागे बसून रोनोक ते बून केलं आहे, १७० मैल, एका दिवसात. चालवणाऱ्याला वळण आधी दिसतं, मागच्याला नंतर कळतं. उतारावर प्रत्येक ब्रेकला मी पुढे सरकायचे आणि माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर आपटायचं. पन्नास मैलांनंतर गुडघ्याखाली मुंग्या, शंभरनंतर मांड्यांना पेटके. सांगायची सोय नाही, कारण "आता थोडंच राहिलं". डफ्टन पार्कला उतरले तेव्हा पाय जमिनीवर टेकवून मिनिटभर बाइकलाच धरून उभी होते. पुढे मी स्वतः प्रशिक्षण घेऊन परवाना काढला, आता माझी बाइक मी चालवते आणि दिवसाला १२० मैलांच्या वर जात नाही.

वाटसरूदादा, राइडचा दिवस किती मैलांचा, हे त्या मागच्या सीटनं ठरवू द्या.

वाटसरू_रॅली:
ताई, खरंच विचारलं नव्हतं. आज विचारतो. बाकी आम्ही काही नवखे नाही. ताम्हिणी, वरंध, आंबोली भर पावसात केलेत. घाट आमच्या अंगात आहे.

घाटमाथा:
नेमकं तेच अंग इथे घात करतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे डावीकडून चालवतात. त्यामुळे घाटात डाव्या वळणाला बाइक जराशी बाहेर गेली की थेट समोरच्या एस्टीपुढे. वर्षानुवर्षं चालवून डाव्या वळणाची धास्ती अंगात मुरते. उजव्या वळणाला बाहेर गेलो तर आपल्याच बाजूची कड, म्हणून तिथे अंग थोडं सैल असतं. अमेरिकेत सगळं उलटं होतं. समोरच्याच्या अंगावर नेणारं वळण इथे उजवं, आणि अंग तर उजव्यालाच निर्धास्त. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा हे लक्षात राहतं. सहाव्या-सातव्या तासाला डोकं थकतं आणि जुनी सवय चालवायला लागते.

माझं असंच झालं. ब्लोइंग रॉकच्या पुढे उतार, उजवं वळण, आणि ते मधेच आवळत गेलं. नजर समोरच्या दगडी कठड्यावर गेली आणि बाइक नजरेमागे गेली. पुढचं चाक पिवळ्या रेघेच्या पलीकडे दोन फूट. समोरून कोणी आलं नाही म्हणून आज लिहितोय. माझा वेग ४२ होता, म्हणजे मर्यादेच्या आत. सकाळपासून १९० मैल झाले होते.

घाटात आंधळ्या वळणाला हॉर्न देतो, इथे कोणी देत नाही. समोरचा येतोय हे दिसल्यावरच कळतं. आणि ऑक्टोबरात वळणावर ओली पानं असतात, ती खडीइतकीच वाईट.

दिवसाला दीडशे मैल ही माझी हद्द. अख्खा करा, पण चार दिवसांत.

रानवारा:
चेरोकीला पोचणारच आहात तर पुढे डील्स गॅपचा वळणावळणांचा रस्ताही करा की. ११ मैलांत ३१८ वळणं!

घाटमाथा:
रानवारा, थकलेल्या चमूला आणि मागे बसलेल्या माणसाला तिथे पाठवू नका. तो वेगळा दिवस, वेगळी राइड.

सीमा_शार्लट:
सगळे "अख्खा" म्हणताय, पण तो सलग उघडा असेलच असं धरू नका. २०२४ च्या सप्टेंबरअखेर हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलायनाच्या बाजूला जागोजागी दरडी कोसळल्या, रस्त्याखालची माती वाहून गेली. लिनव्हिल ते माउंट मिचेलच्या मधल्या पट्ट्याला फार मोठा फटका बसला आणि दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं सुरू झाली. राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर कोणत्या माइलपोस्टपासून कोणत्यापर्यंत रस्ता बंद आहे याचा तक्ता असतो. तो निघायच्या आदल्या रात्री बघून छापून घ्या. वर मोबाइलला बरेचदा रेंज नसते.

माझ्या मते त्या डोंगरातल्या गावांत एक दिवस राहणं, तिथे जेवणं, हेही राइडमध्ये धरा. त्या लोकांनी खूप सोसलंय. पंपावर टाकी भरून पाच मिनिटांत निघून गेलात तर त्यांच्या हाती काय पडलं?

अखंड:
सीमाताईंचं पटलं. बंद पट्टा असेल तर खालून वळसा घालावा आणि पुन्हा वर यावं. मी त्यालाही अख्खाच म्हणेन. पण ॲशव्हिलचा तुकडा करून परत या, हे मला अजूनही मान्य नाही. नोकरी, मुलं, भारतवारीच्या सुट्ट्या यातून चार दिवस पुन्हा कधी निघतील सांगता येत नाही.

धुक्यातला:
आणि म्हणूनच मला वाटतं, जे दोन दिवस मिळालेत ते पळण्यात घालवू नयेत. आपलं जमणार नाही, अखंड.

वाटसरू_रॅली:
सगळ्यांना उत्तर देतो. काल रात्री वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "दिवसाला शंभरेक मैल, आणि एक दिवस बाइक सुरूच करायची नाही." माझं तोंड उतरलं, खोटं का बोलू.

मग बसून मांडलं. सोमवारच्या सुट्टीला जोडून जायचा विचार होता, पण ऑक्टोबरातल्या त्या शनिवार-रविवारी वर खोल्या मिळणं मुश्किल आणि गाड्यांची रांग. म्हणून आता मंगळवार ते शुक्रवार. शून्यापासून निघायचं. मंगळवारी पीक्स ऑफ ऑटर, माइलपोस्ट ८६. बुधवारी मेब्री मिलवरून फॅन्सी गॅप, माइलपोस्ट १९९. गुरुवारी बाइका उभ्या. शुक्रवारी बून, माइलपोस्ट २९१, आणि तिथून घरी. उरलेले १७८ मैल पुढच्या जूनमध्ये, क्रॅगीला रोडोडेंड्रॉन फुलतात तेव्हा. फॅन्सी गॅपची खोली रद्द करता येईल अशीच घेतली आहे, धुकं आलं तर आधीच थांबू.

अखंड, तुम्हाला हा तुकडाच वाटेल.

अखंड:
वाटतोच. पण जूनची तारीख आजच कॅलेंडरवर टाका, आणि बूनला जिथे पार्कवे सोडाल त्या माइलपोस्टचा फोटो काढा. पुढच्या वेळी त्याच दगडापासून सुरू करा, एक मैलही मधे गाळू नका.

मागची_सीट:
वहिनींना सांगा, पावसाची पँट स्वतःची वेगळी घ्यायची. मागच्या चाकाचं सगळं पाणी मागे बसणाऱ्याच्या पोटऱ्यांवर येतं.