विषय: आधीचे आजार आणि आरोग्यविमा

नमस्कार मंडळी,
माझा इथे अमेरिकेत छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे विमा स्वतःच घ्यावा लागतो. आम्ही दोघंही ठणठणीत, तरी प्रीमियम वाढतोच आहे, आणि डिडक्टिबल (विमा कंपनी पैसे देण्याआधी आपण भरायची रक्कम) एवढं की विमा असून खिसा रिकामा होतो. आजारी लोकांना मदत जरूर व्हावी, पण त्यांची सोय राज्यांनी वेगळी करावी. ओबामाकेअरचा, म्हणजे ओबामांच्या काळातल्या आरोग्यविमा कायद्याचा, भार सगळ्यांवर कशाला?

---

दादा, नमस्कार.
हप्त्यावरच्या सरकारी सबसिडीत न बसणाऱ्यांचं कंबरडं मोडतंय, हे अगदी खरं. पण ती वेगळी सोय करून झालेली आहे. या कायद्याआधी ३५ राज्यांत 'हाय रिस्क पूल', म्हणजे आजारी लोकांसाठीच्या वेगळ्या विमा योजना, होते. हप्ते बाजारभावापेक्षा चढे, आणि ज्या आजारासाठी विमा घ्यायचा त्याचाच खर्च बहुतेक ठिकाणी सुरुवातीचे सहा-बारा महिने मिळत नसे. पैसा कमी पडला की काही राज्यं नवे अर्ज घेणंच थांबवायची.

२००९ मध्ये ह्यांची नोकरी गेली. कोब्राचा (नोकरी गेल्यावर कंपनीचाच विमा स्वखर्चाने चालू ठेवायची सोय) हप्ता झेपेना, म्हणून एका कंपनीकडे अर्ज केला. फॉर्मवर चालू औषधांचा रकाना होता, त्यात ह्यांचं मधुमेहाचं औषध, मेटफॉर्मिन, लिहिलं. दोन ओळींचं नकारपत्र आलं. स्वतःचं काही सुरू करायचं ह्यांच्या मनात होतं, ते सोडून केवळ विम्यासाठी मिळेल ती नोकरी धरली. १ जानेवारी २०१४ पासून मधुमेहामुळे कोणी विमा नाकारू शकत नाही, हप्ताही वाढवू शकत नाही.

यातली हप्त्याची अट फार महत्त्वाची आहे. "आधीच्या आजारांना संरक्षण राहील" असं सगळेच उमेदवार सांगतात. ओबामाकेअरच्या जागी आणायच्या, ४ मे २०१७ ला हाउसने (संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने) मंजूर केलेल्या विधेयकातही नकाराला बंदी होती. पण ज्यांच्या विम्यात ६३ दिवसांचा खंड पडला, त्यांना आजार बघून हप्ता लावायची मुभा राज्यांना मिळणार होती. न परवडणारा विमा देऊ केला काय आणि नाकारला काय! लेऑफनंतर ६३ दिवस कसे जातात, ते आपल्यातल्या कितीतरी घरांना माहीत आहे.

---

ताई, मधेच विचारते. सासूबाई ग्रीन कार्डवर येताहेत. वय ७४, बायपास झालेली. व्हिजिटर्स इन्शुरन्समध्ये जुनं दुखणं बसत नाही. मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी विमा) मिळेल का?

---

लगेच नाही. इथे काम केलेलं नसेल तर सलग पाच वर्षं राहिल्यावरच मेडिकेअर विकत घेता येतं. तोवर मार्केटप्लेसमधून (ओबामाकेअरच्या सरकारी विमा-बाजारातून) विमा घ्या, बायपासमुळे कोणी अडवणार नाही. आल्यापासून ६० दिवसांत अर्ज करा, नाहीतर नोव्हेंबरपर्यंत थांबावं लागेल. आणि दादा, ही सोयही त्याच कायद्यातली आहे.