मदत हवी आहे: पॉइंट टू टू मॅच काडतुसांचा लॉट वेगाच्या आकड्यांवरून निवडावा का?

नमस्कार मंडळी,

माझी मुलगी पुण्यात ५० मीटर रायफल प्रोन (पालथे पडून) आणि थ्री पोझिशन (गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून) या प्रकारांत नेमबाजी करते. यापुढे वर्षभराची स्पर्धेची काडतुसे एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, घ्यावीत, असा तिच्या प्रशिक्षकांचा आग्रह आहे. मॅच म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची ही पॉइंट टू टू (०.२२ इंची) काडतुसे परदेशातून येतात, परवान्यावरील मर्यादेच्या हिशेबातच घ्यावी लागतात आणि स्वस्तही नसतात. त्यामुळे ‘ही जमली नाहीत, दुसरी आणू’ असे म्हणण्याची सोय नाही. म्हणून येथील जाणकारांचा सल्ला घेऊनच पैसे भरावेत, असे ठरवले आहे.

एकाच कंपनीच्या, एकाच प्रतीच्या दोन लॉटमधील थोडी काडतुसे चाचणीसाठी मिळाली. प्रश्न लॉटचा आहे, कंपनीचा नाही, म्हणून नाव मुद्दाम देत नाही. दोन्हींत ४० ग्रेनची (सुमारे २.६ ग्रॅमची) शिशाची गोळी आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून प्रशिक्षकांनी प्रत्येक लॉटच्या दहा गोळ्या झाडल्या आणि शेजारी रडार पद्धतीचा क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारे यंत्र) ठेवला. पहिल्या लॉटचा सरासरी वेग सेकंदाला ३२६ मीटर, प्रमाण विचलन (वेग सरासरीभोवती किती पसरले याचे माप) २.४ आणि सर्वांत वेगवान व सर्वांत मंद गोळीतील अंतर ७ मीटर आले. दुसऱ्या लॉटचे हेच आकडे अनुक्रमे ३२२, ३.६ आणि १२ असे आले. कागदावर पाहता पहिला लॉट उघडच सरस वाटतो.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे आकडे दिसले की हिशेब केल्यावाचून राहवत नाही. सेकंदाला सुमारे ३२५ मीटर वेगाने निघालेली गोळी ५० मीटरचे अंतर कापेपर्यंत ढोबळमानाने साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात १ मीटरचा फरक पडला, तर लक्ष्यावरील उंचीत पाऊण मिलिमीटरच्या आसपास फरक पडावा. ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते आणि दशांश पद्धतीत ०.१ गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. म्हणजेच सेकंदाला १ मीटरची तफावत जवळजवळ एका दशांशाएवढी पडते, आणि १२ मीटरची तफावत खरी असेल तर दोन टोकांच्या गोळ्यांमध्ये नऊ मिलिमीटरचे उभे अंतर पडायला हवे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळेने पात्रता फेरीत ५९० आणि अंतिम फेरीत ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकले, ते आपण सर्वांनी पाहिले. अंतिम फेरीत दशांशांची किंमत काय असते, हे वेगळे सांगायला नको.

कोडे पुढे आहे. ज्या लॉटच्या वेगात जास्त तफावत होती, त्याच लॉटचा ग्रुप (गोळ्यांच्या खुणांचा पुंजका) लक्ष्यावर लहान आला, आणि तोही प्रामुख्याने उभ्या दिशेने लहान. हिशेबाने याच्या उलट व्हायला हवे होते. दोन्ही लॉट एकाच सकाळी, एकाच रायफलमधून झाडले आणि नळी मध्ये साफ केली नाही. अशा स्थितीत क्रोनोग्राफवर विश्वास ठेवावा की लक्ष्यावर? वेगातील सातत्य हा निकष ५० मीटरवर कितपत महत्त्वाचा धरावा? आणि चाचणी पुन्हा घ्यायची झाल्यास ती कशी आखावी, म्हणजे कमीत कमी काडतुसांत भरवशाचे उत्तर मिळेल? अनुभवी नेमबाजांनी आणि प्रशिक्षकांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : जुना प्रोनवाला

आपला हिशेब बरोबर आहे. गाडी अडते ती दहा गोळ्यांवर. दहा गोळ्यांवरून काढलेले प्रमाण विचलन फार सैल असते. आपल्या पहिल्या लॉटचे खरे विचलन १.६ ते ४.४ यांच्यामध्ये कुठेही असू शकते आणि दुसऱ्याचे २.५ ते ६.६ यांच्यामध्ये (९५ टक्के खात्रीच्या पातळीवर). हे दोन पट्टे एकमेकांवर इतके चढलेले आहेत की पहिला लॉट सरस आहे, असे यावरून म्हणताच येत नाही. सर्वांत वेगवान आणि सर्वांत मंद गोळीतील अंतर तर त्याहून फसवे, कारण ते गोळ्यांच्या संख्येबरोबर वाढतच जाते: पाच गोळ्यांत ते विचलनाच्या सुमारे २.३ पट येते, दहांत ३.१ पट, पन्नासांत साडेचार पट. समाजमाध्यमांवर पाच गोळ्यांची छायाचित्रे टाकून ‘अमुक लॉट जबरदस्त’ म्हणणाऱ्यांकडे म्हणूनच मी काणाडोळा करतो.

आता कोड्याविषयी. गोळी नळीतून जात असताना नळी कंप पावते आणि तिचे तोंड वरखाली होते. तोंड वर जात असतानाच्या क्षणी गोळ्या सुटत असतील, तर मंद गोळी किंचित उशिरा, म्हणजे किंचित वरच्या कोनात सुटते, आणि कमी वेगामुळे तिला जे जास्त खाली यायचे असते ते थोडेफार भरून निघते. बेंचरेस्टवाले (रायफल टेबलावर टेकवून नेमबाजी करणारे) नळीच्या तोंडाशी सरकते वजन लावून नेमका हाच मेळ साधायचा प्रयत्न करतात. आपल्या रायफलमध्ये तो आपोआप साधला असणे शक्य आहे. दहा गोळ्यांचा ग्रुप निव्वळ योगायोगाने लहान आला असणेही तितकेच शक्य आहे.

यांतले कोणते, हे कळण्यासाठी प्रत्येक लॉटच्या पन्नास गोळ्या इलेक्ट्रॉनिक लक्ष्यावर झाडा आणि प्रत्येक गोळीचा वेग तिच्या उंचीसमोर मांडा. उंचीचा उतार सेकंदाला १ मीटरमागे पाऊण मिलिमीटरच्या जवळ आला, तर वेगातील तफावत जशीच्या तशी लक्ष्यावर पोहोचत आहे. उतार त्याहून बराच कमी आला, तर नळी तफावत पचवते आहे, आणि मग विचलनाच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. आडव्या दिशेची पसरण वेगळी काढा, कारण वेगाचा तिच्याशी फारसा संबंध नसतो; दोन्ही लॉटच्या आडव्या पसरणीतच मोठा फरक दिसला, तर दोष गोळीच्या घडणीत किंवा आपल्या नळीशी तिचे न जमण्यात शोधावा.

दोन्ही लॉट एकाच प्रतीचे असल्यामुळे गोळीवरचे वंगण सारखेच असणार, म्हणून दहा-दहा गोळ्यांच्या आलटून-पालटून मालिका घेता येतील. त्यामुळे उन्हाचा, वाऱ्याचा आणि प्रशिक्षकांच्या थकव्याचा परिणाम दोघांवर समान पडेल. प्रत वेगळी असती, तर नळीत नवे वंगण बसेपर्यंत सुरुवातीच्या गोळ्या मोजणीतून वगळाव्या लागल्या असत्या. नळीला बांधायचा क्रोनोग्राफ या कामी वापरू नका. तो वेग बरोबर दाखवेल, पण त्याच्या वजनाने नळीचा कंप बदलेल आणि आपला मूळ प्रश्नच हातातून जाईल.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

सविस्तर उत्तराबद्दल मनःपूर्वक आभार. वेग आणि उंची यांची जोडी लावण्याची कल्पना तर मला वर्गातही वापरता येईल. आणखी एक शंका आहे. काही कंपन्या खोक्यावर लॉटच्या क्रमांकासोबत वेगही छापतात. तो पाहून लॉट निवडणारे पालक मला रेंजवर भेटले आहेत. त्याला काही अर्थ आहे का? शिवाय आमची चाचणी थंडीतल्या सकाळची आहे आणि महत्त्वाची स्पर्धा उन्हाळ्यात आहे.

प्रतिसाद : जुना प्रोनवाला

खोक्यावरचा वेग ही कारखान्यातील चाचणीच्या नळीतून मिळालेली सरासरी असते. तिच्यावरून सातत्य कळत नाही, आणि आपल्या नळीची लांबी व चेंबर (काडतूस बसते ती नळीच्या मागच्या टोकाची जागा) वेगळे असल्यामुळे सरासरीही तीच येईल असे नाही. एखादी रायफल अमुक वेगाच्या आसपासच्या लॉटना अनेकदा चांगला प्रतिसाद देते असे दिसून आले असेल, तर पुढचे नमुने मागवताना तो आकडा चाळणी म्हणून उपयोगी पडतो, एवढेच.

सातत्याचे मूळ आपल्या हाताबाहेर आहे. सेंटरफायर काडतूस (ज्याच्या तळाच्या मध्यभागी प्रायमर, म्हणजे दारूला पेटवणारा भाग, असतो) घरी पुन्हा भरणारे लोक दारू तोलून घेतात, प्रायमर निवडून बसवतात. आपल्या पॉइंट टू टूसारख्या रिमफायरमध्ये प्रायमरचे मिश्रण तळाच्या काठाच्या पोकळ घडीत असते. ते ओले असताना काडतूस गरगर फिरवून काठात पसरवतात, आणि ते कुठे जास्त, कुठे कमी पसरले की पेट घेण्याची तऱ्हा बदलते. काठाची जाडी मोजून किंवा काडतुसे तोलून वेगळी लावण्याचा उद्योग मीही केला आहे. स्वस्त काडतुसांतली अगदी वाईट त्यातून बाहेर पडतात, चांगल्या मॅच काडतुसांत मात्र मला वेळेच्या मानाने फळ दिसले नाही.

तापमानाकडे मात्र लक्ष द्या. काडतूस तापले की वेग वाढतो. तो ध्वनीच्या वेगापर्यंत जाण्याची भीती उन्हाळ्यात नसते, कारण हवा तापली की ध्वनीचा वेगही वाढतो: १० अंशांना सेकंदाला सुमारे ३३७ मीटर, तर ४० अंशांना ३५५. अडचण येते ती काही काडतुसे उन्हात आणि काही सावलीत राहिल्यामुळे, कारण मग एकाच खोक्यातून दोन सरासऱ्या निघतात. म्हणून खोके सावलीत ठेवावे, बंद गाडीत सोडू नये आणि निवडलेल्या लॉटची एक मालिका स्पर्धेआधी उन्हाळ्यातही घेऊन पाहावी. मुलीला एवढे सांगा की काडतूस चेंबरमध्ये घातल्यावर वारा बदलला आणि थांबावे लागले, तर ते तापलेल्या नळीत तसेच ठेवू नये. बाहेर काढावे आणि दुसरे घ्यावे. काढलेले काडतूस सरावाच्या डब्यात टाकले की वायाही जात नाही.