जॉर्जियन घराच्या दर्शनी भिंतीला ओल, विटांचे पापुद्रे सुटतायत

नीलपाखरू:
लंडनच्या इझलिंग्टन भागात १७९० च्या सुमाराचं (जॉर्जियन, म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं) विटांचं घर, आता त्याचे फ्लॅट झालेत. आमचा सगळ्यांत वरचा. दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीला आतून ओल येते. बाहेर विटांचे पापुद्रे सुटतायत, विटांमधले सांधे मात्र टणक आहेत. कंत्राटदार म्हणतो, सांधे सिमेंटने पुन्हा भरू आणि वरून सिलिकॉन मारू. करावं का?

चुनखडी:
दोन्ही करू नका. सांधे टणक आहेत म्हणजे कुणीतरी आधीच सिमेंट भरलंय, दुखणं तिथेच आहे. ही वीट मऊ, पाणी पिणारी. प्यालेलं पाणी चुन्याच्या सांध्यातून वाळून जायचं. सिमेंटने ती वाट बंद झाली की ते विटेतूनच बाहेर पडतं, थंडीत गोठतं आणि विटेचा दर्शनी भाग उडवतं. सिलिकॉन मारलं तर क्षार त्यामागे साचून आणखी जाड पापुद्रे निघतील.

सांधा रुंदीच्या दुप्पट, निदान २५ मिमी खोल मोकळा करा, तोही छिन्नी-हातोडीने. हे सांधे बारीक असतात, ग्राइंडरचं पातं विटेची कड खातं. सिमेंट काढताना वीटच तुटत असेल, तर तिथलं राहू द्या. सांधे भिजवून घ्या. एनएचएल २ (नैसर्गिक हायड्रॉलिक, म्हणजे पाण्यानेही घट्ट होणारा) चुना १ भाग, धुतलेली वाळू ३ भाग. मसाला कडांवर पसरू देऊ नका. तापमान ५ अंशांखाली असताना काम नको. नंतर काही दिवस ओलं गोणपाट हवं.

ओळंबा:
त्याआधी भिंतीला पोट आलंय का ते पाहा. दर्शनी विटांचा थर पुष्कळदा अर्ध्या विटेचाच असतो. फ्लेमिश बाँडमध्ये (एक वीट लांबीने, पुढची टोकाने दिसणारी अशी रचना) टोक दिसणाऱ्या विटा, म्हणजे तोडे, निम्मे कापलेले असतात, आतल्या भिंतीत पोचतच नाहीत. आत पुरलेली लाकडं ओलीने कुजली की आतली भिंत खचते आणि पुढचा थर सुटतो. टिचकी मारल्यावर पोकळ वाजलं तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, पुढचा थर आतल्या भिंतीला बांधायला स्टेनलेस स्टीलच्या पिळाच्या सळ्या, मग सांधे.

पन्हळ:
ओल नेमकी कुठून सुरू होते? पॅरापेटखालून (छपरापुढच्या कठड्याखालून) उतरत असेल तर आधी त्याचं कोपिंग (वरचा झाकणदगड) आणि शिशाचा पत्रा तपासा. छताच्या मध्यावर डाग असेल तर फुलपाखरी (दोन्ही उतार मध्याकडे असलेल्या) छपराची मधली पन्हळ गळतेय. तिचं मागचं तोंड पानांनी तुंबतं.

बाहेरची भिंत बहुतेक लीजमध्ये (फ्लॅटच्या भाडेपट्ट्यात) फ्रीहोल्डरकडे, म्हणजे इमारतीच्या मूळ मालकाकडे असते, तुमची कलमं वाचा. घर लिस्टेड (ऐतिहासिक म्हणून संरक्षित यादीत) असेल तर काउन्सिलच्या संवर्धन अधिकाऱ्याला विचारल्याशिवाय छिन्नी लावू देऊ नका. संमती लागणारं काम तिच्याशिवाय करणं हा फौजदारी गुन्हा आहे.