मदत हवी आहे : म्हातारपणी आतड्याच्या नसा मंदावतात, बी-१२ने फरक पडेल का?

गोदाकाठ : वडिलांचं पोट हल्ली चार-चार दिवस साफ होत नाही. डॉक्टर म्हणाले, वयाने आतड्याच्या नसा मंदावतात. इसबगोल दुप्पट केलं तर पोट आणखीच फुगलं. नसांसाठी बी-१२ची इंजेक्शनं द्यावीत का? नाशिकरोडला राहतो. लवकर सांगा.

आडगावनाका : रात्री कोमट दुधातून दोन चमचे एरंडेल. सकाळी कोठा साफ. बाकी सगळं थोतांड.

मंदाग्नी : वय नाही, औषधं नाहीत, इसबगोलावर पाणी किती तेही नाही. काय सांगणार?

गोदाकाठ : वय ७६. पोटाचं औषध काहीच नाही. पाणी नेहमीसारखं.

मंदाग्नी : पोटाचं नाही, सगळी औषधं विचारली. तोवर नसांचं ऐका. आतड्याच्या स्नायूंच्या दोन थरांमध्ये नसांचं जाळं असतं, ते मल पुढे ढकलतं. वय वाढतं तशा मोठ्या आतड्यातल्या ॲसिटिलकोलीनवर (नसांचा निरोप पोचवणारं रसायन) चालणाऱ्या, म्हणजे आकुंचन घडवणाऱ्या चेतापेशी घटतात. सैल करणाऱ्या त्या मानाने टिकतात. ताल धरणाऱ्या कहाल पेशीही कमी होतात. लहान आतड्याचा वेग फारसा बदलत नाही, मोठ्यात अडतं. गुदाशयाची जाणीव बोथट झाली की शौचाची भावना झालेलीही कळत नाही. अशात कमी पाण्यावर इसबगोल वाढवणं म्हणजे तुंबलेल्या मोरीत भुसा ओतणं. आधी ते बंद करा. बी-१२ रक्तात कमी असेल तरच द्यायचं. गेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत.

द्राक्षबाग : भिजवलेल्या काळ्या मनुका द्या. तासगावच्याच.

पिंपळगावकर : का, आमच्या पिंपळगावच्या मनुकांनी काय घोडं मारलंय?

गोदाकाठ : बीपीची ॲम्लोडिपिन, वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, आणि आता लोहाची गोळी.

मंदाग्नी : ऑक्सिब्युटिनिन नेमकं ॲसिटिलकोलीनच अडवतं. मुळात उरलेल्या थोड्या पेशी, त्यांचंही तोंड बंद. लोहानेही मल घट्ट होतो. मनाने काही बंद करू नका, पर्याय विचारा. लघवीसाठी मिराबेग्रॉन मिळतं, फक्त बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. आतड्यात अडथळा नाही हे डॉक्टरांनी तपासलं की पॉलिइथिलीन ग्लायकॉल (पाणी धरून मल मऊ ठेवणारी पूड) १७ ग्रॅम, पेलाभर पाण्यात, रोज एकदा. गुण यायला एक ते तीन दिवस लागतात. नाश्त्यानंतर अर्ध्या तासात बसवा, पायाखाली पाट ठेवून; खाल्ल्यावर मोठं आतडं आपसूक हलतं, ती वेळ दवडू नका. पातळ गळत असेल तर जुलाब समजून थांबवायची गोळी देऊ नका. आत मलाचा खडा अडकला की बाजूने पाणी झिरपतं.

आडगावनाका : एवढ्या भानगडीपेक्षा एरंडेल बरं.

मंदाग्नी : खडा अडकलेला असताना एरंडेलाने फक्त मुरडा येतो. लोह कशासाठी चालू आहे?

गोदाकाठ : हिमोग्लोबिन ९ आलं म्हणून. पण मी बी-१२चं विचारलं होतं.

मंदाग्नी : मग बी-१२ राहू द्या. ७६व्या वर्षी नव्याने बद्धकोष्ठ आणि हिमोग्लोबिन ९ हे वयाच्या खात्यात टाकायचं नाही; आतड्यात गाठ असून आतून रक्त जात असू शकतं. पोटविकारतज्ज्ञांना दाखवा, कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीतून तपासण्याचं, स्वतःहून विचारा. वजन उतरलंय का, शौचातून रक्त जातं का? लोहाने शौच काळं होतं, म्हणून ती गोळी चालू आहे हेही त्यांना सांगा. उलट्या झाल्या किंवा वारा सरणं थांबलं तर कुठलंच रेचक न देता त्याच दिवशी इस्पितळ गाठा.

द्राक्षबाग : मनुका मग नको का?