क्लॅनला मराठीत काय म्हणावं? टोळी, भावकी की कूळ?

आडवाट:
मंडळी, एका शब्दावर अडलेय. ग्लासगोतल्या आमच्या मंडळाच्या अंकासाठी किलखर्न किल्ल्यावर लेख लिहितेय. स्कॉटलंडच्या पश्चिमेला आर्गाइलमध्ये लॉख ऑ नावाचं गोड्या पाण्याचं सरोवर आहे. लांबी जवळजवळ ४१ किलोमीटर, रुंदी मात्र नदीसारखी बेताची. त्याच्या ईशान्य टोकाला हा पडका किल्ला. १४५० च्या सुमारास ग्लेनऑर्खीचा पहिला लॉर्ड सर कॉलिन कॅम्पबेल याच्या काळात पाच मजली मनोरा उभा राहिला, पुढच्या पिढ्यांनी भोवती भर घातली.

आता हे ‘कॅम्पबेल क्लॅन’ (एका सरदाराला मानणारा, त्याचं नाव लावणारा स्कॉटिश गट) मराठीत कसं लिहू? आधी ‘टोळी’ लिहिलं होतं. आईला वाचून दाखवलं तर म्हणाली, “दरोडेखोर होते का गं?” आणि ‘किल्ला’ म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे राजगड येतो. हे प्रकरण तेवढं मोठं नाही हो.

बुरूजबंद:
टोळी नकोच. किल्ल्याचं सांगतो. एका सरदाराचं राहतं घर, जाड भिंती, वर टेहळणीची सोय, आसपासच्या गावांचा वसूल तिथेच जमा होणार, याला आपल्याकडे गढी म्हणतात. देशमुखांच्या गढ्या अजून गावोगाव ढासळत उभ्या आहेतच. पण पाण्याचा प्रश्न आहे. बेटावर आहे का?

आडवाट:
होता! आता चालत जाता येतं, रेल्वेच्या पुलाखालून पायवाट आहे. १८१७ मध्ये सरोवराची पातळी खाली आणली, तेव्हापासून तो जमिनीला जोडला गेला.

बुरूजबंद:
मग बांधला तेव्हा पाणकोट, आणि १८१७ पासून भुईकोट. लेखात हे असंच लिहा. जंजिरा म्हणालात तरी अर्थाने चुकत नाही, अरबीत जझीरा म्हणजे बेटच. पण मराठी वाचक तुम्हाला थेट मुरूडला नेऊन सोडेल.

ओलीसुकी:
किलखर्नमधला ‘किल’ आणि आपला किल्ला यांचा काही संबंध?

आडवाट:
नाही ताई. आपला किल्ला अरबी ‘कलआ’वरून आलेला. इथे गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं, नाव ‘कोल खूर्न’ असं काहीसं आहे. कोल म्हणजे चिंचोळी जागा, सामुद्रधुनीसारखी, आणि दुसरा शब्द दगडांच्या राशीचा. स्कॉटलंडमधल्या बऱ्याच गावांच्या नावात ‘किल’ म्हणजे चर्च असतं, ते मात्र इथे नाही.

निवृत्त तलाठी:
मी महसुलात नोकरी केली, त्यामुळे माझं कान टवकारणं वेगळ्या कारणाने. आडवाटताई, तुम्ही ‘कूळ’ लिहा. एका अर्थासाठी नव्हे, दोन्ही अर्थांसाठी.

गेलिक ‘क्लान’ म्हणजे मुलंबाळं, संतती. तो शब्द मुळात लॅटिन ‘प्लांटा’वरून, म्हणजे रोप, कोंब यावरून आला असं मानतात. (आपल्या ‘वंश’ शब्दाचाही एक अर्थ बांबू!) पण प्रत्यक्षात क्लॅनमधले सगळे काही एका बापाची लेकरं नव्हती. सरदाराच्या जमिनीवर राहणारे, खंड भरणारे, बोलावणं आलं की तलवार घेऊन हजर होणारे लोकही त्याचं नाव लावत. ग्लेनऑर्खीच्या कॅम्पबेलांना तर छोट्या घराण्यांनी करार लिहून दिले होते: तुम्ही आम्हाला संरक्षण द्या, आम्ही तुमच्या बाजूने उभे राहू, आणि आमच्यातला कर्ता पुरुष वारला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर तुमचं.

म्हणजे नात्याने कूळ आणि जमिनीनेही कूळ. मराठीत ‘त्यांचं कूळ मोठं’ आणि ‘या सर्व्हे नंबरला कूळ आहे’ ही दोन्ही वाक्यं एकाच शब्दावर उभी आहेत. १९४८ च्या कूळकायद्यातलं कूळ दुसरं. भावकीत हा दुसरा अर्थ बसत नाही. भावकी म्हणजे रक्ताची आणि बहुधा बांधावरून भांडणारी.

ओलीसुकी:
तलाठीकाका, पटलं, पण पूर्ण नाही. कूळ म्हटलं की शहाण्णव कुळी आठवते, देवक आठवतं, आणि एका कुळात सोयरीक नाही हा नियम आठवतो. स्कॉटिश क्लॅनमध्ये तसं बंधन नव्हतं, कॅम्पबेल मुलगी कॅम्पबेलांच्याच घरात खुशाल द्यायचे. लेखात ‘कूळ’ आलं आणि पुढच्याच परिच्छेदात त्याच कुळातलं लग्न आलं, तर माझी आत्या अंक मिटून ठेवेल.

निवृत्त तलाठी:
आत्याबाईंचा मुद्दा मान्य. पहिल्यांदा शब्द येईल तिथे एक वाक्य घालावं लागेल.

पण दुसरा अर्थ सोडू नका, कारण पुढचा सगळा इतिहास तिथे आहे. क्लॅनच्या लोकांची समजूत अशी की जमीन सगळ्यांची, पिढ्यान्‌पिढ्या वहिवाट आहे. याला ते ‘दूखस’ म्हणत. सरदाराकडे मात्र राजाची कागदोपत्री सनद. १७४६ मध्ये कलोडनची लढाई झाली, बंडखोर क्लॅन सरकारी फौजेपुढे हरले, त्यानंतर सरदारांचे न्यायनिवाड्याचे वंशपरंपरागत हक्कही कायद्याने गेले. उरला तो निव्वळ जमीनमालक. मेंढ्यांत जास्त पैसा दिसला तेव्हा कागद जिंकला आणि जमिनीवरून हुसकावलेली माणसं परदेशी जाणाऱ्या जहाजांत बसली. कुळांना हुसकावता येणार नाही असा कायदा तिकडे १८८६ साली आला. मालकी त्यातही मिळाली नाही. आपल्याकडे १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा मालक ठरला, निदान सातबाऱ्यावर तरी.

आडवाट:
काका, तुमच्यामुळे मला एक धागा मिळाला. किलखर्नची दंतकथा अशी: कॉलिन, ज्याला ‘रोमचा काळा कॉलिन’ म्हणत, धर्मयुद्धाला गेला. वर्षं गेली तरी परतला नाही. बायकोने जमा झालेल्या खंडातून हा किल्ला बांधून घेतला. शेजारच्या मॅककॉर्कोडेलने कॉलिन मेल्याची आवई उठवली आणि तिला मागणी घातली. लग्नाच्या दिवशी एक भिकारी दारात. म्हणाला, पेला घेईन तर नवरीच्याच हातून. प्यायला आणि रिकामा पेला परत दिला, तर तळाशी तिच्या नवऱ्याची अंगठी.

मी ‘खंड’ऐवजी ‘उत्पन्न’ लिहिलं होतं. आता खंडच ठेवते. नवऱ्याच्या नावाने ओळखला जाणारा किल्ला निदान गोष्टीत तरी कुळांच्या पैशाने आणि बाईच्या हिमतीने उभा राहिलाय.

बुरूजबंद:
वा. मॅकग्रेगर क्लॅनचं पण येऊ द्या. कॅम्पबेलांच्या आधी ग्लेनऑर्खीच्या खोऱ्यात त्यांचीच वस्ती. १६०३ मध्ये राजाने त्यांचं नावच बेकायदा केलं. मॅकग्रेगर म्हणवून घेणं हा गुन्हा, दुसरं आडनाव घ्या नाहीतर मरा. मध्ये सूट मिळाली, १६९३ मध्ये बंदी पुन्हा आली, आणि ती कायमची उठायला १७७४ उजाडलं. याला ‘नावबंदी’ म्हणावं.

ओलीसुकी:
नावबंदी झकास! आणि योगायोग बघा, किलखर्नच्या मनोऱ्याच्या दारावरच्या दगडात पण १६९३ कोरलंय, ब्रेडलबेनच्या अर्ल-काउंटेसच्या, म्हणजे कॅम्पबेलांच्याच, आद्याक्षरांसह. त्याच दशकात आत सैनिकांसाठी बराकी बांधल्या. एका नावाला दगडात जागा मिळत होती तेव्हा दुसरं तोंडातून काढायची चोरी.

आडवाट:
एक शेवटचं. सरोवराची जन्मकथा आहे. क्रूअखन डोंगरावर एक झरा, ‘कॅल्याख’ रोज संध्याकाळी त्यावर शिळा ठेवायची. एकदा दमून झोपली, रात्रभर पाणी वाहिलं, सकाळी खोरं बुडालेलं. हिला देवी म्हणू की चेटकीण?

निवृत्त तलाठी:
‘म्हातारी’ म्हणा. गेलिकमध्येही तोच अर्थ आहे ना? देवी म्हटलं की देऊळ शोधतील, चेटकीण म्हटलं की तिने मुद्दाम केलं असं होईल. ती बिचारी नुसती झोपली.

बुरूजबंद:
आणि त्याच डोंगराच्या पोटात १९६५ पासून जलविद्युत केंद्र चालू आहे, वर धरण बांधून पाणी अडवलंय. झाकण ठेवायची नोकरी आता पगारी झाली. ‘क्रूअखन!’ ही कॅम्पबेलांची रणघोषणा पण होती, तिला ‘आरोळी’ लिहू नका, गारद किंवा रणघोष.

ओलीसुकी:
गारद नको, ती दरबारात देतात. रणघोष.

आडवाट:
रणघोष घेतला. मथळा: ‘किलखर्न: एका कुळाचा पाणकोट’. १७६० मध्ये वीज पडून अंगणात उलटा कोसळलेला एका बुरुजाचा माथा अजून तसाच आहे, त्याचा फोटो मुखपृष्ठावर. आता कुणीतरी सांगा, ‘लॉख’ लिहू की ‘लॉक’? संपादक ‘लोच’ करून बसलेत.

निवृत्त तलाठी:
लॉख. ख घशातून, खरवडून. संपादकांना फोन लावा आणि प्रत्यक्ष ऐकवा.