ई-जर्नल आले आणि बाहेरच्या वाचकाला दार बंद झालं: गोव्यातल्या ग्रंथालयांनी उत्तर द्यावं

शोधछात्रा_साखळी
कालच्या चर्चेत ग्रंथपाल_फोंडा यांनी लिहिलं: ‘बाहेरच्यांना ई-जर्नल (ऑनलाइन संशोधन नियतकालिकं) उघडून देणं म्हणजे प्रकाशकाशी करारभंग. ज्यांना वाचायचंय त्यांनी आपापल्या संस्थेला वर्गणी भरायला लावावी.’ याला तिथे दोन ओळींत उत्तर देववेना, म्हणून वेगळा धागा काढते.

सर, सरसकट करारभंग कसा? अनेक मोठ्या प्रकाशकांच्या करारांत ‘वॉक-इन युजर’चं कलम असतं. ग्रंथालयात येऊन तिथल्याच संगणकावर वाचणाऱ्याला परवानगी असते, घरून लॉगिन करायला नसते. ब्रिटनमध्ये स्कोनल ही ग्रंथालयांची आणि युसिसा ही संगणक विभागांची संघटना एकत्र बसली आणि २००७ साली पाहुण्या वाचकांच्या याच प्रश्नावर त्यांनी अहवाल काढला. आपल्याकडे बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय, ताळगाव पठारावरचं विद्यापीठ आणि दोनापावलची समुद्रविज्ञान संस्था एवढी जवळ असूनही बोलणीसुद्धा होत नाहीत.

मला खरा राग याचा आहे: छापील अंक होते तेव्हा आपल्या ग्रंथपालाची चिठ्ठी घेऊन गेलं की दुसऱ्या ग्रंथालयात दिवसभर बसून वाचता यायचं. छापील अंक बंद झाले, ई-जर्नल आले, आणि वाचकाकडे होतं तेही गेलं. ही सवलत काढून घ्यायची असं कुणी ठरवलं नव्हतं. परत द्यायचं मात्र कुणीतरी ठरवावं लागेल. काउंटरजवळ एक संगणक आणि एका दिवसाचा लॉगिन, एवढंच मागतेय.

ग्रंथपाल_फोंडा
मॅडम, कलम काही करारांत असतं, काहींत नसतं. मी पूर्वी ज्या संस्थेत होतो तिथे एका पाहुण्याने सॉफ्टवेअर लावून एका जर्नलचे खंडच्या खंड उतरवले. प्रकाशकाने अख्ख्या परिसराचा प्रवेश बंद केला. आमच्या पीएचडीच्या मुली रडकुंडीला आल्या आणि संचालकांपुढे उभा राहिलो मी. तो पाहुणा परत दिसलासुद्धा नाही. जबाबदारी कुणाची, हे आधी सांगा.

आणि काउंटरजवळचा तो संगणक आठवड्याभरात नोकरभरतीचे अर्ज भरणाऱ्यांच्या ताब्यात जाईल. आमच्या वाचनकक्षात आत्ताच खऱ्या वाचकाला खुर्ची मिळत नाही.

खासगी_कॉलेजवाला
आमचं काय? सरकारनेच प्रकाशकांना एकत्र वर्गणी भरून संस्थांना जर्नल द्यायची, या ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. तीन वर्षांना सुमारे ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळजवळ १३,००० जर्नल. पण पहिल्या टप्प्यात फक्त सरकारी संस्था. मी विनाअनुदानित कॉलेजात फार्मसी शिकवतो. कर मीही भरतो. माझी विद्यार्थिनी प्रोजेक्टसाठी एक लेख मिळावा म्हणून एका सरकारी संस्थेत गेली, तर तिला रखवालदाराने गेटवरूनच परत पाठवलं. ‘संस्थेला वर्गणी भरायला लावा’ म्हणता, आमचे मालक प्रयोगशाळेतली रसायनं आणताना हात आखडता घेतात.

वाळपईचा_दिनेश
‘खरा वाचक’ म्हणजे कोण हो, सर? मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. घरी दोन खोल्या, दुपारी टीव्ही चालू. पहिल्या कदंब बसने निघतो आणि शेवटच्या बसने परततो, ते खुर्च्या अडवायला नाही. ग्रंथालयात बसून वाचणारा वाचक नसेल, तर मग कोण असतो?

ग्रंथपाल_फोंडा
बाबा, तू स्वतःची पुस्तकं घेऊन येतोस. आमचं एकही पुस्तक उघडत नाहीस. त्याला अभ्यासिका म्हणतात. ती पंचायतीने, नगरपालिकेने काढावी.

वाळपईचा_दिनेश
काढावी ना! कधी? तोवर आम्ही कुठे जायचं ते सांगा. तुमचं पुस्तक उघडत नाही, कारण परीक्षेला लागणारं तिथे नाही. मागणी-वहीत लिहून थकलो.

निवृत्त_शिक्षिका_म्हापसा
दिनेश बरोबर बोलतोय. १८३२ साली सुरू झालेलं गोव्याचं केंद्रीय ग्रंथालय आज पणजीत पाटोवर एवढ्या मोठ्या इमारतीत आहे ते माणसांनी येऊन बसावं म्हणूनच. पण बाळ, सर म्हणतात तेही खोटं नाही. संदर्भ विभागात मला जुनी वर्तमानपत्रं पाहायची असतात, तिथेही टेबलावर दप्तरं ठेवून मुलं जेवायला गेलेली असतात. मी साठी उलटलेली बाई उभी राहते.

वाळपईचा_दिनेश
दप्तर ठेवून जातात ते चूक आहे, मान्य. पण त्यावरून सगळ्यांना बाहेर काढा म्हणू नका.

नेटवर्कवाला
खुर्च्यांवरून मूळ मुद्द्यावर येऊ. मी एका कॅम्पसचं नेटवर्क सांभाळतो. बऱ्याच संस्थांत एडुरोम ही शिक्षणसंस्थांची सामायिक वायफाय सेवा आहे, पाहुणा स्वतःच्या संस्थेच्या लॉगिनने आमच्या वायफायवर येतो. प्रकाशकाला दिसतो तो आमचा आयपी, म्हणजे आमच्या नेटवर्कचा पत्ता, आणि तो पाहूनच जर्नल उघडतं. म्हणजे पाहुणा वेगळ्या नेटवर्कवर काढला नाही, तर त्याला जर्नल आजही उघडतात, आणि वेगळा काढला की कलम असलं तरी उघडत नाहीत. हे आम्ही संगणकवाले ठरवतो, ग्रंथपालांना कुणी विचारत नाही. पाहुण्याचा संगणक मात्र सोपा आहे: फक्त निवडक प्रकाशकांची संकेतस्थळं उघडतील, नोकरीचा अर्ज उघडणारच नाही. उतरवण्यावर मर्यादा आणि कोण कधी बसला याची नोंदही ठेवता येते. सर, तुमची भीती खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे.

ग्रंथपाल_फोंडा
उपाय असेल. पण माझ्या हातात कलम आहे का? ‘एक राष्ट्र एक वर्गणी’चे करार गांधीनगरला इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्रीय संस्थेच्या पातळीवर होतात. मी फोंड्यात बसून त्यात काय बदलणार?

शोधछात्रा_साखळी
एकट्याने नका बदलू. योजनेची तीन वर्षं २०२७ अखेर संपतात, पुढची बोलणी त्याआधी होणार. गोव्यातल्या सगळ्या ग्रंथपालांच्या सहीने एक पत्र जाऊ दे: वॉक-इन वाचकाचं कलम प्रत्येक करारात हवं, आणि त्यात खासगी कॉलेजचे विद्यार्थी, गावातले डॉक्टर, वकील सगळे बसले पाहिजेत. शोधगंगा या संकेतस्थळावर पीएचडीचे प्रबंध कुणालाही मोफत वाचता येतात, त्याने कुठलं विद्यापीठ बुडालं?

ग्रंथपाल_फोंडा
प्रबंध आपले असतात, जर्नल दुसऱ्याचे. तुलना पटली नाही. पण पत्राचा मसुदा पाठवा, वाचतो. आम्ही स्वतंत्र वर्गणी भरतो ते दोन-तीन करार सोमवारी काढून बघतो. कलम असेल तर संगणक लावू. ओळखपत्र आणि मूळ ग्रंथपालाची चिठ्ठी लागेल, पेन ड्राइव्ह चालणार नाही.

खासगी_कॉलेजवाला
चिठ्ठी द्यायला आमच्याकडे ग्रंथपालच नाही, कारकून चावी सांभाळतो. प्राचार्यांचं पत्र चालेल असं त्या मसुद्यात लिहा, नाहीतर आम्ही पुन्हा गेटवरच राहू.