पंधरा तारखेचा नेटचा पेपर पुढे ढकलला म्हणजे नेमकं काय? (सोलापूर)

लूमवाल्याची लेक
13 जानेवारी 2025, रात्री 10.20

नमस्कार. मी सोलापूरची, अशोक चौकाजवळ राहते. आपल्या विद्यापीठातून पत्रकारितेत एम. ए. केलं आणि आता पहिल्यांदाच नेट, म्हणजे सहायक प्राध्यापकासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, देतेय. पेपर परवा, 15 तारखेला, केंद्र पुण्यात. उद्या दुपारी सिद्धेश्वर यात्रेतल्या संमती कट्ट्यावरच्या अक्षता झाल्या की रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं वडील आणि मी निघणार होतो. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत त्यांनी दोन दिवस सुटी मागून घेतली, ती फक्त माझ्या पेपरसाठी.

आज भोगी. भाऊ नंदीध्वजांबरोबर 68 लिंगांना गेला होता, घरी मी आणि आई. संध्याकाळी ग्रुपवर एकदम दहा मेसेज आले. कुणी म्हणतंय परीक्षा रद्द, कुणी म्हणतंय फक्त 15 तारीख पुढे गेली, कुणी म्हणतंय फॉर्म पुन्हा भरायचा. नोटिशीचा फोटोही आलाय, पण इंग्रजी वाचून अर्थ लागतोय असं वाटतं आणि पुढच्या ओळीला पुन्हा गोंधळ होतो.

माझ्याकडे आता तीन कागद आहेत. नोव्हेंबरच्या जाहिरातीत परीक्षा 1 ते 19 जानेवारी. नंतर आलेल्या विषयवार वेळापत्रकात 3 ते 16 जानेवारी. आणि आजची ही नोटीस, ज्यात नवी तारीखच नाही. मग पहिल्या जाहिरातीप्रमाणे नवा पेपर 19 तारखेच्या आतच होणार ना? तसं असेल तर मी पुण्याला जाऊन मावशीकडेच थांबते. काढलेल्या प्रवेशपत्राचं काय? फी पुन्हा भरायची का? 3 तारखेपासून ज्यांचे पेपर झाले त्यांच्यापेक्षा आमचं नुकसान होईल का?

कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. घरात विचारावं असं कुणी नाही, या परीक्षेपर्यंत आलेली मीच पहिली.

विजापूर रोड
13 जानेवारी, रात्री 10.41

रद्दच झाली म्हणा ना. गेल्या जूनला असंच झालं होतं. आता नवीन जाहिरात येईल, फॉर्म नवीन, फी नवीन. मी एका क्लासच्या व्हिडिओत आत्ताच बघितलं.

तासिका तत्त्वावर
13 जानेवारी, रात्री 11.35

लेकी, वयानं लहान आहेस म्हणून अगं-तुगं करते. आधी शांत हो, फॉर्म नवा भरायचा नाही आणि फीही नाही. वरच्या दादांनी जे सांगितलं ते त्यांच्या मनातलं नाही, व्हिडिओतलं आहे, पण ते चूक आहे आणि रात्री अकरा वाजता अशा चुकीच्या वाक्यानं एखाद्या मुलीची झोप जाते.

मी इतिहासाची. एका सीनियर कॉलेजात सीएचबीवर शिकवते, म्हणजे तासाला पैसे. नेट चार वेळा दिली तेव्हा निघाली. त्या चार वेळांत अभ्यासाइतकाच वेळ मी या नोटिसा समजून घेण्यात घालवला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट शब्दांची. आजच्या नोटिशीत शब्द आहे ‘पोस्टपोन्ड’. पोंगल, मकर संक्रांत आणि इतर सण आहेत, तशी निवेदनं आली, म्हणून 15 जानेवारीची परीक्षा पुढे ढकलली, नवी तारीख नंतर कळवू, आणि 16 जानेवारीची परीक्षा ठरल्याप्रमाणे होईल. एवढंच तिचं म्हणणं. पुढे ढकलली म्हणजे तू अर्जदार आहेसच. तुझा अर्ज, फी, विषय, प्रवर्ग, माध्यम, सगळं जागेवर आहे. हललीय ती फक्त तारीख.

‘कॅन्सल्ड’ वेगळं. ते मी भोगलंय. 18 जून 2024 ला मी पेपर दिला. तेव्हा तो संगणकावर नव्हता, ओएमआर शीटवर, म्हणजे गोल काळे करायच्या कागदावर होता, सगळ्या देशात एकाच दिवशी. नऊ लाखांहून जास्त मुलं बसली होती. दुसऱ्या दिवशी, 19 तारखेला रात्री, शिक्षण मंत्रालयानं परीक्षाच रद्द केली. मी भाकरी थापत होते आणि नणंदेनं मोबाईल समोर धरला. झालेला पेपर शून्य झाला. मग 21 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर या काळात पुन्हा परीक्षा झाली, संगणकावर. आणि लक्षात घे, तेव्हाही नवा फॉर्म भरावा लागला नाही. म्हणजे रद्द झाली तरी ‘फॉर्म पुन्हा’ हे आपोआप खरं होत नाही. ते नोटिशीत लिहिलेलं असलं तरच खरं.

आता तुझे तीन कागद. तू ते शेजारी शेजारी ठेवून वाचतेयस, म्हणून तिन्ही खरे वाटतात. एकावर एक ठेव. सगळ्यात खाली 19 नोव्हेंबरची जाहिरात आणि माहितीपुस्तिका, त्यावर विषयवार वेळापत्रक, सगळ्यात वर आजची नोटीस. वरचा कागद ज्या गोष्टीचं नाव घेतो तेवढीच गोष्ट बदलते. ज्याचं नाव घेत नाही ते खालच्या कागदातलं तसंच चालू राहतं. अर्जाची मुदत 10 डिसेंबरची 11 केली तेव्हा पात्रतेत काही बदललं का? नाही. तसंच हे.

म्हणून ‘1 ते 19 जानेवारी’ हे तू आता विसर. ती नोव्हेंबरमध्ये सांगितलेली ढोबळ मुदत होती, विषयवार वेळापत्रक आलं त्या दिवशी तिचं काम संपलं. 19 तारखेच्या आत पेपर होईलच असं आजची नोटीस कुठेही म्हणत नाही. त्या भरवशावर पुण्यात मावशीकडे जाऊन बसू नको. घरी राहा, अभ्यास कर.

आणि हो, ‘डिसेंबर 2024’ हे सत्राचं नाव आहे, तारीख नव्हे. परीक्षा जानेवारीत झाली तरी तुझ्या निकालावर डिसेंबर 2024 असंच येईल. पुढे बायोडाटात तेच लिहायचं. हे लिहितेय कारण मुलाखतीला आलेल्या एका मुलीनं महिना बदलून लिहिला होता आणि कागद जुळेनात म्हणून तिला तासभर बाहेर बसवलं.

प्रवेशपत्राचं. 15 तारखेचं जे तुझ्याकडे आहे ते आता चालणार नाही, नव्या तारखेचं नवं काढावं लागेल. जुनं फाडू नको, अर्ज क्रमांक त्यावर आहे, फायलीत ठेव. मध्ये शहर कळवणारी चिठ्ठी आली तर तीही काढ, पण ती म्हणजे प्रवेशपत्र नाही. एका वर्षी मी तीच छापून केंद्रावर गेले. त्यावर माझं नाव, फोटो, शहर सगळं होतं, मला वाटलं झालं. गेटवरच्या माणसानं बघितलं आणि हात आडवा केला. झेरॉक्सचं दुकान शोधत रस्त्यानं धावले, तिथं रांग, त्या दुकानदाराला मी रडत काय सांगितलं ते मला आठवत नाही. गेट बंद व्हायला चार-पाच मिनिटं असताना आत गेले. पहिले वीस प्रश्न हात थरथरत सोडवले. त्या वर्षी मी थोडक्यात राहिले.

नुकसान होईल का विचारलंस. कटऑफ विषयवार आणि प्रवर्गवार लागतो. तुझी तुलना तुझ्या विषयातल्या मुलांशी. 15 तारखेला ज्यांचा तुझा विषय होता ते सगळेच थांबलेत. 3 तारखेला ज्यांनी दुसऱ्या विषयाचा पेपर दिला त्यांचा तुझ्या गुणांशी संबंध नाही. नेटच्या दोन्ही पेपरना (पेपर 1 आणि पेपर 2) बसलेल्यांपैकी 6 टक्के पात्र ठरतात, त्यातला तुझ्या विषयाचा वाटा वेगळा काढतात.

तेव्हा आता झोप. आणि सकाळी उठल्यावर पहिलं काम तिकीट. सिद्धेश्वर रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, कन्फर्म तिकीट असेल तर सध्याच्या (2025) नियमाप्रमाणे गाडीच्या बारा तास आधी रद्द केल्यावर पाव रक्कम कापतात, त्यानंतर अर्धी. म्हणजे सकाळी दहाच्या आत उरक. पण त्याआधी परीक्षा घेणाऱ्या एनटीएच्या साईटवर स्वतः नोटीस उघडून बघ. मी सांगितलं म्हणून तिकीट रद्द करू नको.

केगावचा
14 जानेवारी, सकाळी 7.05

माझा पेपर 16 ला आहे. माझ्या रूममेटनं काल रात्री सांगितलं सगळंच पुढे गेलं, आणि मी पुस्तक मिटून गड्ड्यावर फिरायला गेलो. आत्ता हे वाचलं. 16 चं नक्की ठरल्याप्रमाणेच आहे ना?

तासिका तत्त्वावर
14 जानेवारी, सकाळी 7.20

ठरल्याप्रमाणेच. नोटिशीची शेवटची ओळ त्यासाठीच आहे. आज निघायची तयारी कर बाळा. रूममेटवर चिडू नको, त्याला फोटोचा वरचा अर्धाच भाग आला असेल. ग्रुपवर येताना नोटीस बऱ्याचदा कापली जाते.

नवी पेठेतला
14 जानेवारी, सकाळी 9.48

मॅडमनी सांगितलं त्यात भर एवढीच की माहितीपुस्तिकाही अशीच वाचा, नुसती नोटीस नको. मी दोन वेळा नेट दिली ती प्रवर्गाच्या चुकीसकट. माझ्याकडे राज्याचा एसबीसीचा, म्हणजे विशेष मागास प्रवर्गाचा, दाखला. फॉर्ममध्ये तो प्रवर्ग दिसेना, सायबर कॅफेवाला म्हणाला ओबीसी टाका, मी टाकलं. केंद्राकडे एसबीसी, एनटी (भटक्या जमाती) असे वेगळे प्रवर्ग नाहीतच. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल आणि केंद्राच्या नमुन्यातला नॉन क्रिमिलेअर असेल तरच ओबीसी, नाहीतर खुला. फी 1150 ऐवजी 600 पडते म्हणून मोहात पडू नका, पुढे कागद तपासताना ते अडकतं. सेतूत जाऊन ‘केंद्राचा नमुना’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर हातात राज्याचाच येतो. दाखल्याची मुदतही आताच बघून ठेवा.

आणि जेआरएफसाठी, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी, वय 30 असं ऐकून एका मैत्रिणीनं फॉर्मच भरला नव्हता. महिलांना पाच वर्षांपर्यंत सवलत आहे हे तिच्या लक्षात आलं नाही. सहायक प्राध्यापकासाठी तर वयाची अटच नाही. तिचं एक सत्र गेलं.

लूमवाल्याची लेक
14 जानेवारी, रात्री 9.15

मॅडम, सकाळी साईटवर जाऊन बघितलं. नोटीस तिथं आहे, तुम्ही म्हणालात तशीच. फोटोत जी ओळ कापली होती ती 16 तारखेचीच. मग साडेनऊला तिकीट रद्द केलं. पाव रक्कमच गेली.

दुपारी वडिलांबरोबर अक्षतांना गेले. मागच्या वर्षी अभ्यास म्हणून गेले नव्हते. इतकी गर्दी होती की कट्टा नीट दिसलाही नाही, नंदीध्वज तेवढे वर दिसत होते. वडील म्हणाले, पेपर पुढे गेला तर गेला, तुला आज हे बघायला मिळालं. त्यांची सुटी फुकट गेली असं मला वाटत होतं, त्यांना तसं वाटत नाही.

दादा, माझ्या प्रवर्गाचं मी आजच तपासते. तुम्ही सांगितलं नसतं तर मला तो प्रश्नच पडला नसता.

लूमवाल्याची लेक
17 जानेवारी, दुपारी 1.10

नवी नोटीस आली. 15 तारखेच्या विषयांना आता दोन तारखा आहेत, 21 आणि 27 जानेवारी. ग्रुपवर पुन्हा सुरू झालंय, ‘21 ला पेपर’ असंच सगळे लिहितायत, 27 चं नावच नाही. मी साईटवरची पूर्ण नोटीस उघडली, यादीत माझ्या विषयावर बोट ठेवलं, समोरची तारीख वाचली, मग आईला वाचायला लावली. तिला इंग्रजी येत नाही पण आकडे येतात. दोघींचं जुळलं.

कागद एकावर एक लावलेत. आता चार झाले. आधीच्या वेळापत्रकात माझ्या विषयापुढच्या तारखेवर पेन्सिलीनं रेघ मारली आणि नवी लिहिली. प्रवेशपत्र अजून आलेलं नाही, म्हणून तिकीट काढलेलं नाही. हे बरोबर ना?

तासिका तत्त्वावर
17 जानेवारी, दुपारी 2.30

बरोबर. केंद्र पुन्हा पुण्यातच येईल असं धरून चालू नको. प्रवेशपत्र आलं की शहर, केंद्राचा पत्ता आणि शिफ्ट जुन्याशी ताडून बघ. पहिली शिफ्ट सकाळी 9 ते 12, दुसरी दुपारी 3 ते 6, पण गेटची वेळ त्याच्या बरीच आधीची असते, ती प्रवेशपत्रावर वेगळी दिलेली असते. पुणेच आलं आणि शिफ्ट सकाळची असेल तर त्या दिवशीच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊ नको, ती पोचेपर्यंत पेपर सुरू झालेला असेल. आदल्या दिवशी मावशीकडे जा.

दोन प्रती छापून घे, एक वडिलांच्या खिशात.

लूमवाल्याची लेक
17 जानेवारी, दुपारी 2.42

हो मॅडम. दोन्ही छापते.